सहदेव खोडकेच्या मुलाखती

जानेफळच्या खोडक्यांच्या घरात सगळे एकदम बोलत. थोरला पंजाबराव गोठ्यातून बोले, त्याची बायको विमलबाई न्हाणीतून बोले आणि माय रुखमाबाई चुलीपुढून बोले. कोणाचं कोणाला ऐकू गेलं नाही तरी कोणाची तक्रार नसे, कारण ऐकायचं काम त्या घरात कोणाला नेमून दिलेलंच नव्हतं. ते आपोआप धाकट्या सहदेवकडे आलं.

सहदेवला बोलता येत नव्हतं असं नाही. शाळेत तो पाढे खणखणीत म्हणायचा, मॅट्रिकही झाला होता. पण घरी त्याची पाळी येईपर्यंत जेवणं उरकून खरकटी निघालेली असत. रोहिणखेडला मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी थेट त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं, "नाव काय जावईबापू तुमचं?" सहदेवनं तोंड उघडलं, तोवर पंजाबराव म्हणाला, "सहदेव. मीच ठेवलं." लग्नानंतर कितीतरी दिवस गीताबाईला वाटत होतं, नवरा मुका आहे आणि या लोकांनी ते लपवून ठेवलंय. एकदा बैलानं पायावर पाय दिला तेव्हा तो मोठ्यानं ओरडला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पहिली मुलाखत त्यानं दिली ती बुलढाण्याला, कारकुनाच्या जागेसाठी. अर्ज पंजाबरावनंच भरला होता. आत तीन साहेब बसलेले. मधल्या साहेबानं विचारलं, "नदीचं पाणी अडवावं की वाहू द्यावं? तुमचं मत काय?"

सहदेवनं मागे वळून पाहिलं. दादा आत आला की काय, असं त्याला वाटलं. मागे कोणी नव्हतं.

मग तो बोलायला लागला. पाण्यावरून विहिरीवर आला, विहिरीवरून मोटेवर, मोटेवरून बैलावर आणि बैलावरून पंजाबराववर. एक साहेब मध्येच झोपला. पण झोपलेला साहेब गप्प असतो, मध्ये तोंड घालत नाही, हे सहदेवला फार आवडलं. तो घरी आला तो सासरहून पहिला सण करून आल्यासारखा.

"लागली काबे नौकरी?" पंजाबरावनं विचारलं.

"नाही लागत," सहदेव म्हणाला. "पण मुलाखत झकास झाली."

तेव्हापासून त्याला मुलाखतींचा नाद लागला. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, रोज नवीन खातं निघत होतं, प्रत्येक खात्याला माणसं हवी होती. सहदेव जंगल खात्यात जाऊन आला, एस.टी.त जाऊन आला, हिवताप निर्मूलनाच्या साहेबांना डासांविषयी स्वतःचे विचार सांगून आला. कुठलेही साहेब शेवटी म्हणायचे, "आम्ही कळवू." ते कधी कळवत नसत, आणि सहदेवही वाट पाहत नसे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी गीताबाई तांब्यात निखारे घालून त्याच्या पांढऱ्या शर्टावर फिरवायची. माय विचारायची, "काऊन जाते हा इतक्या खेपा?" गीताबाई म्हणायची, "जाऊ द्या. दुसरे पत्ते खेळतात, दारू पितात. हे मुलाखत देतात."

असं चाललं असताना विंडलो कंपनीची जाहिरात आली.

विंडलो कंपनी म्हणजे लहानसहान नव्हे. कारखाना विलायतेत, मोठं ऑफिस मुंबईला. बेरजा करायची यंत्रं, कार्डांना भोकं पाडून त्यावरून हिशेब मांडणारी यंत्रं, आणि मुंबईच्या ऑफिसात म्हणे चांगल्या खोलीएवढा कॉम्प्युटर. खामगावच्या जिनिंगवाल्यांचे आणि तेल गिरण्यांचे हिशेब यंत्रावर करून द्यावेत, म्हणून कंपनी तिथे शाखा काढत होती. एक ऑपरेटर पाहिजे, मॅट्रिक चालेल. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की मुलाखत दिवसभर चालेल.

"दिवसभर!" सहदेव गीताबाईला म्हणाला.

"दिवसभर कोनी ऐकन का तुमचं?"

"छापलं हाये ना इथं."

खामगावच्या रेस्ट हाऊसवर व्हरांडा पोरांनी भरला होता. मोठ्या कंपनीची रीत काही वेगळीच होती. सकाळी कागदावर गणितं सोडवून घेतली, नंतर एकेकाला आत बोलावलं. आत गेलेला प्रत्येक जण लगेच बाहेर येई, तोही घाम पुसत. "लय वाकडेतिकडे प्रश्न इचारून राह्यले बाप्पा," एक जण म्हणाला. "मले म्हने, खामगावात न्हावी किती?" सहदेवच्या तोंडाला पाणी सुटलं.

त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. आत दोन साहेब होते. एक पुण्याचे, किडकिडीत, चष्मा लावलेले. दुसरे मद्रासकडचे, गोल, यंत्राचे इंजिनियर. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून ते सगळ्याला मान हलवत. सहदेव खुर्चीवर बसला आणि त्याला दिसलं, की पुण्याचे साहेब एकटक त्याच्याकडेच पाहत आहेत. पापणीसुद्धा लवत नव्हती. इतकं लक्ष देऊन त्याच्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही.

"खामगावात न्हावी किती असतील?" साहेबांनी विचारलं. "अंदाज सांगा. कसा काढला तेही सांगा."

"सोपं हाये साहेब. एका न्हाव्यापाशी दाढीले बसायचं अन् म्हनायचं, या गावात तुमच्यासारखा हात कोनाचाच नाही. मंग तो बाकीच्या सगळ्याईची नावं घेऊन एकेकाले शिव्या देते. दाढी होईपर्यंत मोजनी होते."

मद्रासच्या साहेबांनी मान हलवली.

"बरं. एका माणसाला वाघ, शेळी आणि गवताची पेंडी नदीपलीकडे न्यायची आहे. नावेत एका वेळी एकच मावतं. कसं नेईल?"

"वाघ कोनाचा?"

"त्या माणसाचाच."

"पाळला हाये?"

"असं समजा."

"त्याच्या घरचे काय म्हनतात?"

"घरच्यांचा इथे संबंध नाही हो!"

"संबंध कसा नाही? साहेब, वाघ पाळनाऱ्याच्या घरी शेळी राहिलीच कशी इतके दिवस? एक तं वाघ आजारी हाये, नाही तं शेळी लय वांड हाये. आजारी असन तं तिघंही एकदम न्या, नाव थोडी डुबन इतकंच. शेळी वांड असन तं मंग वाघाले पहिले न्या, त्याचा जीव वाचवा."

सहदेव जरा थांबला. साहेबांची नजर सूतभर खाली सरकली, कपाळावर घाम आला आणि त्यांनी घाईघाईनं पुढचा प्रश्न टाकला, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

"जानेफळले. पोळ्याच्या आसपास आले तं नक्की भेटीन." आणि त्यानं पोळ्याचं वर्णन सुरू केलं. ते संपलं तसं साहेब म्हणाले, "आणि दिवाळी?" सहदेवला भरून आलं. त्यानं दिवाळी सांगितली. मग साहेबांनी शिमगा विचारला, पिकं विचारली, नातेवाईक विचारले. चहा आला आणि निवला. ऊन व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेलं. साहेब जागचे हलले नाहीत आणि प्रश्न संपले नाहीत.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा."

"सांगतो. मी घरी बोलत नाही अन् बाहेर थांबत नाही." सहदेव पुढे वाकला. "आता तुमचा सांगा साहेब. तुम्हाले बिचाऱ्याईले कोनी इचारतच नसन."

साहेब ओठ न हलवता, अगदी हळू म्हणाले, "मला पालीची भीती वाटते. तुमच्या डोक्यावर भिंतीला एक आहे. तुम्ही आल्यापासून आहे."

सहदेवनं वर पाहिलं. पाल होती. चांगली वीतभर होती. त्याचं तोंड उतरलं. "म्हंजे इतका वेळ तुम्ही तिले पाहून राह्यले होते?"

"हो. पण ऐकत होतो. शब्द न् शब्द ऐकला." साहेबांची नजर अजून पालीवरच होती. "तुम्ही बोलत असलात की ती हलत नाही. तुम्ही थांबलात की खाली यायला लागते. म्हणून मी विचारत राहिलो."

सहदेव खुर्चीवर चढला, अंगातला कोट काढून त्यानं पालीला झटकलं आणि खिडकीबाहेर हाकललं. पुण्याच्या साहेबांनी चष्मा काढून तोंड पुसलं. मद्रासचे साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीसुद्धा परीक्षाच होती.

"सोमवारपासून या," पुण्याचे साहेब म्हणाले.

"सोमवारी अजून एक मुलाखत हाये?"

"नाही हो. कामावर या. तुमची निवड झाली."

घरी आनंदीआनंद झाला. पंजाबरावनं गावभर गूळ वाटला. "पालीवर नौकरी लागली आमच्या सहदेवले," तो सांगत सुटला. सहदेव मात्र ओसरीवर कोपऱ्यात बसला होता, घरात मयत झाल्यासारखा. गीताबाईनं विचारलं, "काय झालं हो?"

"नौकरी लागली."

"मंग?"

"आता मुलाखत कोन घेनार माही? नौकरीवाल्याले कोनी बोलावते का?"

त्यानं कंपनीला कळवूनही पाहिलं, की त्या दिवशीची मुलाखत मनासारखी झाली नाही, तरी कृपा करून पुन्हा घ्यावी. कंपनीनं उत्तर दिलं, गरज नाही. नवराबायको बिऱ्हाड घेऊन खामगावला आले.

शाखेचे मॅनेजर शेषराव अकोल्याचे. भित्रा, सज्जन माणूस. यंत्र दोन कपाटांएवढं होतं, जलंब जंक्शनवरून रेल्वेनं आलेलं, आणि शेषराव त्याला 'अहो' म्हणायचे. "आज ते जरा तापले आहेत," असं हळू आवाजात सांगायचे. काम असं, की भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा एका बाजूनं घालायचा, यंत्र खडाखडा वाजायचं आणि दुसऱ्या बाजूनं बेरजा छापून निघायच्या. कोणी काही विचारत नसे. सहदेवनं एकदोनदा यंत्राशी बोलून पाहिलं, पण आवाजाच्या बाबतीत ते थेट रुखमाबाईच्या वळणावर गेलं होतं.

खामगावात मात्र बातमी पसरली, की विलायती मशीन आलंय आणि ते बरोबर उत्तर देतं. एका दुपारी वच्छलाबाई नावाची म्हातारी जवळच्या खेड्यातून पायी आली. पायऱ्यांवर वहाणा काढून आत शिरली आणि म्हणाली, "माही म्हैस हरपली. मशीनले इचारा, कुठं हाये."

शेषराव गडबडले. "आजी, हे फक्त बेरजा करतात."

"मंग करा बेरीज. पन म्हैस सांगा."

सहदेवनं खुर्ची पुढे केली. "बसा आजी. मशीनले सगळी माहिती द्या लागते. म्हैस कवापासून नाही?"

"परवापासून."

"त्या दिवशी रागात होती का?"

"कोन, म्हैस का मी?"

"दोघीही सांगा."

म्हातारीनं पदर सावरला. रागात तीच होती. जावेशी भांडण झालं होतं.

"भांडन कशाचं?"

"म्हशीचंच. ते मेली माह्या म्हशीले आपल्या गोठ्यात नेऊन सरकी चारते. तिले काय कारन? माही म्हैस मी पाहून घेईन."

"म्हशीले सरकी आवडते?"

"जीव हाये तिचा सरकीवर!"

"जावेच्या गोठ्यात पाहिलं का मंग?"

"मी कशाले पाहू? आमचं बोलनं बंद हाये," म्हातारी म्हणाली आणि एकदम थांबली. तेवढ्यात शेषरावांनी घाबरून तेल गिरणीचा गठ्ठा घातला आणि यंत्र खडाखडा वाजायला लागलं. वच्छलाबाई ताडकन उठली. तिनं यंत्राला हात जोडले. "हुशार हाये वं माय! विलायतेत बसून माह्या जावेचा गोठा दिसला त्याले!" आणि वहाणा हातात घेऊन पळत सुटली. म्हैस तिथेच होती, आणि परत यायला तयार नव्हती, एवढं नंतर कळलं.

मग काय, ऑफिसच्या व्हरांड्यात रांग लागायला लागली. रज्जाक पानवाला विचारायला आला, की दुकान स्टेशनकडे हलवू का. चांदबी विचारायला आली, की नवरा दाढी का वाढवतोय. सहदेव प्रत्येकाला बसवायचा, नाव विचारायचा आणि मग प्रश्नामागून प्रश्न. स्वतः बोलायची जेवढी मजा, तेवढीच दुसऱ्याला बोलतं करण्यात आहे, हे त्याला इथे कळलं. लोक स्वतःच सगळं सांगायचे, स्वतःच उत्तराला पोहोचायचे, आणि जाताना नमस्कार यंत्राला करून जायचे.

कापूस घेऊन बाजाराला आलेला पंजाबराव एकदा तिथे टपकला. दारापासूनच त्याचं सुरू झालं: भाव, पाऊस, बैलाचा खूर, विमलबाईचे गुडघे. सहदेवनं त्याला खुर्चीत बसवलं, समोर बसला आणि म्हणाला, "दादा, तुले स्वतःले काय आवडते?"

पंजाबरावचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेषराव सांगायचे, की मोठा गठ्ठा यंत्रातून पार होईपर्यंत तो माणूस नुसता बसून होता. कानाची पाळी चोळत होता. शेवटी म्हणाला, "बासुंदी." मग थोड्या वेळानं, "अन् मले लहानपनी बँडवाल्यात जायचं होतं. मोठा ढोल वाजवायले. कोनाले सांगू नको." सहदेवला आठवतं तेव्हापासून दादा त्याच्याशी बोलत होता, पण यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं रज्जाककडून दोन पानं मागवली, आणि दोघं भाऊ मुकाट्यानं पान खात बसले.

वर्षअखेरीला पुण्याचे साहेब तपासणीला आले. आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी छत आणि चारी भिंती पाहून घेतल्या, मग रांगेकडे बोट केलं. "हे काय?" शेषरावांनी सगळं कबूल केलं. साहेब बराच वेळ हसले. हिशेबात चूक नव्हती, गिरणीवाले खूश होते. जाताना ते म्हणाले, "खोडके, तुमचं नाव बढतीला सुचवतो. मात्र मोठ्या कंपनीत बढती अशीच मिळत नाही. मुंबईला जाऊन मुलाखत द्यावी लागेल."

सहदेवनं टेबल धरलं. "नौकरीवाल्याचीबी मुलाखत घेतात?"

"दर वर्षी."

सहदेव मुंबईला गेला. पाचसहा साहेबांपुढे पोटभर बोलला. शेवटी साहेब म्हणाले, "उत्तम. तुम्हाला नागपूरची जागा देतो." तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "नको साहेब. मुलाखत झाली, एवढं पुरे." कंपनीचा नियम असा, की ज्याची बढती राहिली त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बोलवायचं. त्यामुळे हिवाळा आला की पत्र यायचं, तांब्यात निखारे पडायचे आणि सहदेव नागपूर मेलनं मुंबईला निघायचा.

एका वर्षी गीताबाई म्हणाली, "मलेबी पाहू द्या एकदा, कोन येवढं ऐकते तुमचं." तो तिला घेऊन गेला. ती ऑफिसबाहेर बाकावर बसली, गुडघ्यावर भाकरीचं गाठोडं. त्या वर्षी मुख्य साहेब नवे होते, पंजाबी, कडक. सहदेवनं 'नको' म्हटल्यावर त्यांनी जुनी फाइल चाळली आणि ते हिंदीत वैतागले. "हा माणूस दर वर्षी येतो, चहा पितो, बोलतो आणि जातो! बाहेर याची बायको आहे ना? तिलाच बोलवा."

गीताबाई डोक्यावर पदर घेऊन आत आली. पुण्याचे साहेबही होते, त्यांनी खुर्ची दिली. "सांगा बाई, यांना बढती का नको?"

"देऊ नका साहेब," गीताबाई म्हणाली. "मोठे साहेब झाले तं यायले लोकाईच्या मुलाखती घ्या लागतीन. अन् समोरचा जरा मोकळा बोलला, का हे त्याले ठेवून घेतीन. वर्षात तुमच्या कंपनीत बसाले जागा राहनार नाही."

पुण्याच्या साहेबांनी ते नव्या साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. नवे साहेब पहिल्यांदा हसले. "और आप? खामगाव कैसा लगता है आपको?"

गीताबाईनं गाठोडं खाली ठेवलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि सुरुवात केली. रोहिणखेडच्या माहेरापासून सुरुवात केली. खोडक्यांच्या घरातला गलबला सांगितला, सासूची नक्कल केली, शेषराव यंत्राला कसे हळद-कुंकू वाहतात तेही सांगून टाकलं. सहदेव बघत राहिला. मध्ये त्यानं एक दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं, तर कडक साहेबांनी हात वर केला. "रुकिए खोडके. उनको बोलने दीजिए." जेवणाची सुट्टी झाली, तर साहेबांनी जेवण तिथेच मागवलं. गीताबाईनं गाठोडं सोडून सगळ्यांना भाकरी आणि ठेचा वाढला. कडक साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी अजून मागितला.

उतरताना लिफ्टमध्ये तिचे गाल लाल झाले होते. "मानसं चांगली हायेत हो," ती म्हणाली. "पन येळ कमी पडला. पुढल्या वर्षी आदल्या दिवशीच येऊन राहू."

सहदेव म्हणाला, "अन् मी?"

"तुम्ही बाहेर बसा," गीताबाई म्हणाली. "बाकडं चांगलं हाये तिथं. वारा लागते."